ज्वारीचे कोठार आणि भुकेची आठवण

पौष लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडेने पाट्या दिसू लागतात. 'अस्सल गावरान हुरडा', 'चुलीवरची भाकरी', 'बैलगाडीची सफर'. शनिवार-रविवारी पुण्याकडच्या गाड्या बांधाला येऊन थांबतात. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुललेला असतो, कोवळी कणसे भाजून हातावर चोळली जातात, सोबतीला शेंगदाण्याची चटणी आणि दही. आम्ही दोघे याच भागात जन्मलो आणि याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी गेली काही वर्षे मराठी शिकवीत आहोत. या पाट्यांबद्दल आमची तक्रार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात थंडीच्या दीड-दोन महिन्यांत चार पैसे पडत असतील तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. आमची तक्रार आहे ती त्या पाट्यांमागे उभ्या राहिलेल्या भाषेबद्दल. गावचे अन्न म्हणजे साधे, सात्त्विक, तृप्त जीवन, असे ती भाषा सांगते. आणि ही भाषा केवळ पाट्यांवर नाही. ललित लेखांत आहे, दिवाळी अंकांच्या पानांवर आहे, आमच्या वर्गांतही आहे. तिच्यातून एक गोष्ट सफाईने वगळलेली असते. ती म्हणजे भूक.

भुकेची आठवण वगळून भाकरीची आठवण काढता येत नाही, एवढेच आम्हांला या लेखात म्हणायचे आहे. ते म्हणण्याची वेळ आमच्यावर का आली, ते पुढे ओघाने येईलच.

आधी ज्वारीबद्दल. बाजारात आणि सरकारी कागदात ती ज्वारी. पश्चिमेकडे सातारा-सांगलीत रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू. आमच्या घरांत जोंधळा. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. तिथली काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन हे त्याचे कारण. भाद्रपद-आश्विनात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरणी होते आणि त्यानंतर हे पीक बहुतेक आकाशाकडे पाहत नाही. जमिनीच्या पोटात साठलेली ओल आणि थंडीतले दव यांवर ते वाढते. ज्या मालदांडी वाणाने या भागाला नाव मिळवून दिले, तो कुणी प्रयोगशाळेत घडवलेला नव्हे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या स्थानिक बियाण्यातून निवड होऊन मोहोळच्या संशोधन केंद्रावर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात 'मालदांडी ३५-१' हा वाण पुढे आला आणि आजही तो पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हे पीक एकटे उभे राहत नाही. त्याच्या कडेने करडईच्या ओळी असतात. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, वर तेलाची सोय होते. पिकाच्या मधल्या जागेत पाथरी उगवते, तिची कोवळी पाने भाकरीबरोबर कच्चीच खातात. कणसात दाणा भरू लागला की भोरड्यांचे थवे उतरतात. हे पाहुणे पक्षी हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येतात. शेतकरी त्यांना शिव्या देतो, पण हेच पक्षी किडेही फस्त करतात. मग शेतात माळा उभा राहतो आणि गोफणीचा आवाज दिवसभर घुमतो. काढणी झाली की पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, खळ्यावर मळायची, वाऱ्यावर उपणायची. दाणा माणसांना आणि कडबा गुरांना. ज्या वर्षी दाणा भरत नाही त्या वर्षीही कडबा हाती लागतो, म्हणून कोरडवाहू माणसाचा या पिकावर जीव. मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, कडब्याची खोप करून शेतातच पूजा मांडतात. आंबील, बाजरीचे उंडे आणि अनेक शेंगा-भाज्यांची भज्जी रानातच जेवतात. ही समृद्धी खोटी नाही. तिच्याबद्दल लिहावे तेवढे थोडेच आहे.

परंतु कोठार हा शब्द उच्चारला की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहायला हवा: ते भरले कोणी, आणि त्याचे कुलूप कोणाच्या हाती होते? मंगळवेढ्याच्याच इतिहासात या प्रश्नाच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली सर्वांना ठाऊक आहे. पंधराव्या शतकात बहामनी अमलात दामाजीपंत येथे अधिकारी होते; दुष्काळात लोक तडफडू लागले तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे खुली केली. बादशहाची शिक्षा ओढवली तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे आणि तिच्यात चमत्कार नाही. १३३८ मध्ये याच गावाचे कुसू बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळून जे मजूर गाडले गेले, त्यांत चोखामेळा होते. म्हणजे, ज्या गावच्या आख्यायिकेत देव महाराच्या वेषात येऊन कोठाराचा हिशेब चुकता करतो, त्याच गावच्या वेशीवर एक खराखुरा महार संतकवी राबता राबता दगडमातीखाली गेला. पहिली गोष्ट आम्ही कीर्तनांतून ऐकली, शाळेत शिकलो, तिच्यावर निबंध लिहिले. दुसरी आम्ही चोखोबांच्या चरित्रातली एक तारीख म्हणून पाठ केली. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या, एकाच धान्याच्या आणि एकाच व्यवस्थेच्या आहेत, हे आम्हांला कोणी सांगितले नाही. आणि आम्ही शिक्षक झाल्यावर आम्हीही ते कोणाला सांगितले नाही.

कोठाराचे खेड्यातले रूप म्हणजे पेव. जमिनीत खोल खणलेले, तळाशी आणि कडेने कडबा किंवा भुसा घातलेले, वरून मातीने लिंपलेले. त्यात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे. पेव उघडणे हे धोक्याचे काम होते. आत कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरून मरे, म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायचे, दिवा आत सोडून तो विझतो का पाहायचे, मगच माणूस उतरवायचा. आणि उतरणारा माणूस बहुधा पेवाचा मालक नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचे जे तपशील आहेत, ते वाचले की खळ्यावर धान्याचे वाटे कसे पडत हे समजते. रास एकच, पण मान, हक्क आणि भीक यांच्या रेषा त्या राशीतूनच आखल्या जात. ज्याची शेवटची पाळी, त्याच्या पदरी खळ्याची माती मिसळलेले दाणे. आज हुरड्याच्या कार्यक्रमात 'आपली जुनी बलुतेदारी किती सुंदर होती' असे भाषण ऐकले की आमच्या डोळ्यांसमोर तो मातीमिश्रित वाटा येतो.

दुष्काळांची तर या भूमीला सवयच. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या वेळी सरकारी कामांवर दिवसाच्या मजुरीचे माप कमी करून ते सुमारे एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर किरकोळ नाणे, यांवर आणले गेले. रिचर्ड टेंपल यांच्या नावाने ही मजुरी ओळखली जाते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर तिच्या निषेधार्थ काम सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी काम नाकारावे, ही घटना आमच्या दृष्टीने या भागाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. दामाजीपंतांच्या गोष्टीत उपाशी माणसे दात्याची वाट पाहतात. येथे ती स्वतः बोलतात. पण पहिलीचे मंदिर आहे, दुसरीची साधी पाटीही आमच्या पाहण्यात नाही.

१९७२ चा दुष्काळ आमच्या जन्माच्या आधीचा. परंतु तो आमच्या घरांत राहायला होता. त्या वर्षी खडी फोडलेल्या बाया आमच्या आया आणि आज्या होत्या. सुकडी आणि मिलो हे दोन शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले. सुकडी म्हणजे कामावर वाटले जाणारे पौष्टिक पीठ. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. जोंधळ्याच्या मुलखात परक्या देशाच्या ज्वारीची भाकरी थापावी लागली, आणि ती नीट थापलीही जात नसे, हे सांगताना आजीच्या आवाजात उपासापेक्षा अपमान अधिक असे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे सबंध देशाने जो हक्क मान्य केला, त्याचे मूळ या खडीच्या ढिगांत आहे. म्हणजे भूक ही केवळ सोसण्याची गोष्ट नव्हती. तिने महाराष्ट्राला एक कायदा दिला. ही आठवण लाजिरवाणी समजून झाकून ठेवावी, असे तिच्यात काय आहे?

आता साहित्याकडे. मराठीत अन्नाची दोन कपाटे आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. एका कपाटात लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' (१९१०) आहे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' (१९७०) आहे. ही पुस्तके आपापल्या जागी मोलाची. त्यांनी हजारो नवख्या मुलींना स्वयंपाक शिकवला. पण त्यांचे घर भरल्या डब्यांचे आहे. दुसऱ्या कपाटात अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आहे, जिचा नायक उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटतो. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आहे, ज्यात निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढणाऱ्या बाया आहेत. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) आहे. पहिल्या कपाटाला आपण पाकशास्त्र म्हणतो, दुसऱ्याला दलित किंवा ग्रामीण साहित्य. दुसऱ्या कपाटातही पाककृती आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. कमीत कमी जिन्नसांत जास्तीत जास्त तोंडे कशी भागवायची, याचे सारे शास्त्र तेथे आहे: कण्या ताकात शिजवणे, हुलग्याचे माडगे पातळ करीत नेणे, पिठाची विरी गेली असेल तर उकळत्या पाण्याने उकड काढून भाकरी जुळवणे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित घरांचे अन्न पाककृतींसह नोंदवले आणि दोन कपाटांमधली भिंत प्रथमच उघडपणे पाडली. त्याच्या नावातला तो एक 'अ' आम्हांला अनेक समीक्षाग्रंथांपेक्षा मोठा वाटतो.

आणि आम्ही शिक्षक काय करीत आलो? 'बनगरवाडी' (१९५५) आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. प्रश्न ठरलेला: 'बनगरवाडीतील निसर्गचित्रण सोदाहरण स्पष्ट करा.' विद्यार्थी माण देशाच्या माळाबद्दल, मेंढरांबद्दल, कारभाऱ्याच्या स्वभावाबद्दल लिहितात. पण त्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, माणसे जगायला निघून जातात, यावर आम्ही किती वेळ थांबलो? भूक आम्हांला 'वातावरणनिर्मिती'चा भाग वाटली.

या सवयीचे फळ आम्हांला दोन वर्षांपूर्वी मिळाले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही 'आमच्या घरचे जेवण' या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली होती. बहुतेकांनी पुरणपोळी लिहिली, येळवशीची भज्जी लिहिली, यात्रेचे मटण लिहिले. बरेचसे लेखन हुरड्याच्या पाट्यांवरच्या भाषेत होते. 'चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी' हे वाक्य तर सात-आठ वह्यांत सापडले. एका मुलीने एकच पान लिहिले होते. तपासणाऱ्याने, म्हणजे आमच्यापैकीच एकाने, तिच्या 'भाकर'चे 'भाकरी' केले, 'जुंधळं'चे 'जोंधळा' केले, ऱ्हस्व-दीर्घांभोवती लाल वर्तुळे काढली आणि दहापैकी चार गुण दिले. पान दुसऱ्याने वाचले ते योगायोगाने, वह्या परत करताना.

तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सुटते ते शिमग्यापर्यंत. लहानपणी तीही दोन हंगाम त्यांच्याबरोबर गेली होती. तिने लिहिले होते की, आई रात्री तीनला उठते आणि पाचट पेटवून दिवसभराच्या भाकरी थापते. पाचटाचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, म्हणून एक हात तव्याकडे आणि एक जाळाकडे लागतो. भाकरीसाठीची ज्वारी गावाकडून पोत्यात बांधून नेलेली असे. त्यातली काही आजीने वेचलेल्या सरव्याची होती. सरवा म्हणजे काढणीनंतर रानात गळून राहिलेली कणसे. ती वेचण्याची गरिबाला मुभा असते. आणि शेवटी तिने लिहिले होते: हुरडा तिने कधी खाल्लाच नव्हता. हुरड्याच्या दिवसांत तिचे घर उसात असे, आणि आजीबरोबर ती गावी राहू लागली तेव्हा पिकलेले रान दुसऱ्याचे होते. मागल्या हिवाळ्यात ती एका हुरडा केंद्रावर रोजंदारीने भाकरी थापायला गेली. तिथे शेवटची गाडी गेल्यावर उरलेला हुरडा बायांनी खाल्ला, तेव्हा तिने तो पहिल्यांदा खाल्ला.

चार गुण. ते आम्ही नंतर बदलले, पण बदललेल्या गुणांनी आमचे समाधान झाले नाही. त्या एका पानात या भागाचा पन्नास वर्षांचा इतिहास होता. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. जेथे पाणी पोहोचले तेथे जोंधळ्याचे रान आक्रसले आणि जेथे पोहोचले नाही तेथली माणसे कोयता घेऊन उसाकडे गेली. शाळू पोसतो तेच महिने ऊसतोडीचे. म्हणून ज्वारीच्या कोठारात जन्मलेल्या मुलीला हुरडा माहीत नसतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने तर आणखी एक गोष्ट: सरवा हा शब्द वर्गातल्या चाळीस मुलांपैकी तिला एकटीला ठाऊक होता. ज्यांना भूक ठाऊक नाही त्यांच्या भाषेतून भुकेचे शब्द आधी जातात. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या शब्दांवर आम्ही लाल वर्तुळे काढतो.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, 'अहो, लोकांना आत्ता कुठे दोन घास सुखाचे मिळतायत, तर तुम्ही जुनी भूक कशाला उकरून काढता?' या म्हणण्यात कळकळ आहे. रेशनवर धान्य मिळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर तो हक्क झाला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. १९७२ ची भूक आज गावात नाही, हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. पण रेशनवर येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. आणि त्याच २०२३ मध्ये भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असे नवे नाव मिळाले, शहरातल्या दुकानांत तिची पाकिटे सजली. जे धान्य काल गरिबाचे म्हणून हिणवले गेले ते आज श्रीमंताच्या आरोग्यासाठी वंदनीय झाले, आणि ते पिकवणाऱ्या, कापणाऱ्या, थापणाऱ्या घरात त्याची जागा रेशनच्या गव्हाने घेतली. ज्वारीला चार पैसे अधिक मिळोत. आम्हांला आनंदच आहे. परंतु धान्याला नवे नाव देताना त्याचे जुने आयुष्य पुसले जाऊ नये.

उलट बाजूचा धोकाही आम्ही जाणतो. गाव म्हणजे केवळ दैन्य, असे रंगवणे हाही एक प्रकारचा आळसच. त्या मुलीच्या पानात दैन्याचा सूर नव्हता. पाचटाच्या जाळावर भाकरी न करपवता भाजणे हे तिच्या आईचे कसब होते आणि ते तिने अभिमानाने लिहिले होते. भुकेची आठवण ठेवणे म्हणजे रडगाणे गाणे नव्हे. भाकरीमागचे हात, तिचा हिशेब आणि तिच्यासाठी झालेली भांडणे यांची नोंद ठेवणे होय.

गेल्या वर्षापासून आम्ही एक छोटा बदल केला आहे. 'आमच्या घरचे जेवण' हाच विषय देतो, पण सोबत तीन प्रश्न जोडतो: धान्य कोठून आले, स्वयंपाक कोणी केला, आणि ती व्यक्ती कधी जेवली? तिसऱ्या प्रश्नाने वर्गात शांतता पसरते. अनेकांना त्याचे उत्तर ठाऊक नसते. ते घरी जाऊन विचारून येतात. आणि बोलीतल्या शब्दांवर आता आम्ही लाल वर्तुळे काढीत नाही. त्यांचे अर्थ विचारतो आणि एका वहीत उतरवून ठेवतो. त्या वहीतला पहिला शब्द 'सरवा' आहे.